क्षयाचा जंतू शोधणारे कॉख दुधाच्या बाबतीत कुठे चुकले?

शेतकरी बंधूंनो, सरकारी दवाखान्यात खोकल्याचा रोगी गेला की त्याची थुंकी तपासायला घेतात. त्या थुंकीत ज्या जंतूचा शोध घेतात, तो जगात पहिल्यांदा दाखवून देणारे डॉक्टर म्हणजे रॉबर्ट कॉख. शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव एका ओळीत येऊन जाते. पण या माणसाचा तुमच्या गोठ्याशी फार जवळचा संबंध आहे, हे कोणी सांगत नाही. त्यांची निम्मी कीर्ती मेंढ्या आणि गाई-बैलांच्या रोगांवर उभी राहिली, आणि त्यांची सर्वांत महागात पडलेली चूकही गाईच्या दुधाबाबतच झाली. सरपंच, ग्रामसेवक आणि दूध संस्थेच्या सचिवांनीही हे वाचावे. पुढे यात तपासणी, कायदा आणि नुकसानभरपाई हे सगळे येणार आहे.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील हार्झ डोंगरातल्या क्लाउस्टाल या गावी झाला. खाणींचे गाव. वडील खाणखात्यात अधिकारी, घरात तेरा भावंडे, त्यांत हे तिसरे. गटिंगेन विद्यापीठातून १८६६ साली ते डॉक्टर झाले. बोटीवर डॉक्टर म्हणून जगभर हिंडायची त्यांना मोठी हौस होती. पण पुढच्याच वर्षी लग्न झाले, मग मुलगी झाली आणि हौस राहून गेली. १८७० सालच्या फ्रान्सबरोबरच्या लढाईत लष्करात काम केल्यावर १८७२ साली ते वॉलस्टाइन या लहानशा गावी सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. आपल्याकडच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यासारखी ती नोकरी. सकाळपासून रोगी, अधूनमधून खेडोपाडी फेरी, आणि उरलेला वेळ स्वतःचा.

त्या भागात मेंढ्या-गुरांमध्ये फाशीचा, म्हणजे काळपुळीचा रोग फार. सकाळी धडधाकट दिसणारे जनावर संध्याकाळपर्यंत आडवे होई, आणि रक्त काळे पडे. ठराविक कुरणात चरायला नेले की जनावरे दगावतात, हे तिकडच्या धनगरांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. का दगावतात ते मात्र ठाऊक नव्हते. कॉख यांनी रोगी तपासायच्या खोलीतच एक पडदा लावला आणि पडद्यामागे सूक्ष्मदर्शक ठेवून कामाला लागले. टोचायची साधने पुरेशी नव्हती म्हणून लाकडाच्या तासलेल्या बारीक काड्या मेलेल्या जनावराच्या रक्तात बुडवून ते उंदरांना टोचत. या सगळ्यातून १८७६ साली त्यांनी दाखवून दिले की फाशीचा जंतू प्रतिकूल हवामानात स्वतःभोवती कवच करून बीजाणू होतो आणि तो जमिनीत वर्षानुवर्षे टिकतो. मेलेले जनावर उघड्यावर किंवा उथळ खड्ड्यात टाकले तर ते कुरण का बिघडते, याचे उत्तर मिळाले. फाशीने मेलेले जनावर फाडू नये, खोल पुरावे किंवा जाळावे, असे पशुवैद्यक आजही सांगतात त्याचे मूळ या खेड्यातल्या डॉक्टरांच्या कामात आहे.

या कामामुळे त्यांना बर्लिनला मोठ्या सरकारी प्रयोगशाळेत बोलावणे आले आणि २४ मार्च १८८२ रोजी त्यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला. त्या काळी युरोपात दर सात मृत्यूंपैकी एक क्षयाचा असे म्हटले जाई. तो आनुवंशिक रोग आहे, घराण्यात चालतो, अशी बहुतेकांची समजूत होती. कॉख यांनी माणसाच्या फुप्फुसातला आणि आजारी गाईंच्या गाठीतला असा सगळा माल घेऊन जंतू रंगवून दाखवला, वेगळा वाढवला आणि गिनिपिगला टोचून रोग पुन्हा करून दाखवला.

गाईंच्या या रोगाला जर्मन शेतकरी मोत्यांचा रोग म्हणत. गाय कापल्यावर तिच्या छातीच्या आतल्या पडद्यावर मोत्यांसारख्या गाठींच्या लडी लोंबताना दिसत, म्हणून हे नाव. माणसाचा क्षय आणि गाईचा हा मोत्यांचा रोग एकाच जंतूचा, असे कॉख यांचे १८८२ सालचे मत होते, आणि म्हणून आजारी गाईच्या दूध-मांसातून माणसाला धोका आहे असेही त्यांनी तेव्हा लिहिले होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे नेमके हेच फिरले.

मध्ये एक मोठा फटका बसला. १८९० साली कॉख यांनी क्षयावर औषध सापडल्याचे सांगितले. त्याचे नाव ट्युबरक्युलिन. ते कशापासून केले हे त्यांनी काही महिने गुप्त ठेवले. देशोदेशीचे रोगी बर्लिनला लोटले. औषध टोचले की क्षयरोग्याला सडकून ताप भरे, पण रोग बरा होईना. काहींचा तर वाढला आणि ते दगावले. शेवटी उघड झाले की ते क्षयाच्या जंतूंच्या वाढीतून ग्लिसरीनमध्ये काढलेला अर्क आहे. औषध म्हणून ते साफ फसले आणि कॉख यांच्या नावाला बट्टा लागला.

पण बंधूंनो, जे औषध माणसासाठी फसले ते गुरांसाठी उपयोगी निघाले. ट्युबरक्युलिन टोचल्यावर ताप कोणाला येतो, तर ज्याच्या अंगात क्षयाचा जंतू आधीच आहे त्याला. म्हणजे ही झाली तपासणी! क्षयाची गाय पुष्कळदा वर्षानुवर्षे तुकतुकीत दिसते, चरते, दूध देते. ती ओळखायची कशी, हा तोपर्यंत न सुटलेला प्रश्न होता. डेन्मार्कमधील पशुवैद्यक बर्नहार्ड बँग यांनी १८९२ पासून ही तपासणी गोठ्यात नेली. आजही गाईच्या मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन टोचून ७२ तासांनी कातडीची जाडी मोजतात, ती याच औषधाची सुधारलेली आवृत्ती.

कॉख मात्र दुसऱ्या कामांकडे वळले होते. १८९६ साली ते दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला बुळकांडीवर उपाय शोधायला गेले आणि रोगाने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी जनावराला टोचून संरक्षण मिळवायची पद्धत त्यांनी काढली. तिथून १८९७ साली ते थेट मुंबईत आले, प्लेगच्या चौकशीसाठी. त्याच साली ते कुमाऊँच्या डोंगरातल्या मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेतही जाऊन आले. ही जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा मूळची आपल्या पुण्यातली बरं का! १८८९ साली ती पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलवली गेली. इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

लंडनची सभा

आता मुख्य गोष्ट. १८९८ साली अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ यांनी दाखवले की माणसाच्या थुंकीत सापडणारा क्षयाचा जंतू आणि गाईत सापडणारा जंतू हे दिसायला सारखे असले तरी वेगळे आहेत. गाईचा जंतू सशाला टोचला तर ससा लवकर मरतो, माणसाच्या जंतूने तसे होत नाही. स्मिथ हे जपून बोलणारे. दोन जंतू वेगळे आहेत एवढे त्यांनी सांगितले, पण लहान मुलांना दुधातून धोका असू शकतो ही शक्यता त्यांनी सोडली नाही.

कॉख यांनी हा धागा उचलला आणि बर्लिनच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील प्राध्यापक श्युट्स यांच्याबरोबर प्रयोग केले. एकूण १९ लहान जनावरांना त्यांनी माणसाच्या क्षयाचे जंतू दिले. काहींना टोचून, तर काहींना रोग्याची थुंकी खाण्यातून. जनावरांना काही झाले नाही. उलट गाईचे जंतू दिलेली जनावरे खंगून गेली. यावरून माणसाचा क्षय गुरांना होत नाही, असा निष्कर्ष निघाला. इथवर ठीक.

पण खरा प्रश्न उलटा होता. गाईचा क्षय माणसाला होतो का? माणसाला मुद्दाम जंतू पाजून तर बघता येत नाही. मग कॉख यांनी शवविच्छेदनाच्या नोंदी काढल्या. दुधातून रोग होत असेल तर तो आधी आतड्यात दिसायला हवा. आतड्यात सुरू झालेला क्षय तर क्वचितच सापडतो. सबब दुधाचा धोका नाही, असा त्यांनी हिशेब मांडला. जुलै १९०१ मध्ये लंडनच्या क्षयरोग परिषदेत, लॉर्ड लिस्टर अध्यक्षस्थानी असताना, त्यांनी सांगून टाकले की गाईच्या दूध-मांसातून माणसाला क्षय होणे इतके दुर्मिळ आहे की त्यासाठी काही उपाय करण्याची गरज नाही.

सभा थक्क झाली. जंतूचा शोध लावणारा माणूसच असे सांगतो म्हटल्यावर दुसऱ्याने काय बोलायचे? तरी काही जण बोलले. लिस्टर यांनी तिथल्या तिथे शंका काढली. ब्रिटिश पशुवैद्यक जॉन मॅकफॅडियन आणि फ्रान्सचे नोकार यांनी विरोध केला. हिशेबातली खोट त्यांना दिसत होती. बाळाने प्यायलेल्या दुधातला जंतू आतड्यापर्यंत न जाता घशातल्या गाठींतून मानेत उतरू शकतो, आणि मग मानेला गंडमाळा येतात. त्या काळी युरोपात गंडमाळांची पोरे गल्लोगल्ली दिसत. कॉख आतड्यात शोधत बसले आणि रोग मानेत होता.

माझ्या मते यातली खरी अडचण प्रयोगात नव्हती, शेवटच्या वाक्यात होती. जंतू वेगळे आहेत हे बरोबर. फुप्फुसाचा क्षय बहुतेक करून खोकणाऱ्या माणसाकडून माणसाला होतो, हेही शंभर टक्के बरोबर. पण म्हणून दुधाबाबत काहीच करायला नको, ही उडी मारायला हाती पुरावा नव्हता. आणि ती उडी कॉख यांनी मारली म्हणून जग थांबून ऐकू लागले. दूध तापवा, गाई तपासा असा तगादा ज्यांना नको होता त्यांना तर आयतेच सापडले.

दहा वर्षांची चौकशी

ब्रिटिश सरकारने त्याच साली, १९०१ मध्ये, शाही आयोग नेमला. सर मायकेल फॉस्टर अध्यक्ष. आयोगाने नुसते जबाब घेतले नाहीत, तर स्टॅन्स्टेड गावाजवळची शेते मिळवून तिथे गाई-वासरांवर स्वतः प्रयोग केले. क्षयाने मेलेल्या माणसांच्या शरीरातले जंतू काढायचे आणि ते गाईचे की माणसाचे हे वासरू, ससा, गिनिपिग यांच्यावर पारखायचे, असे हे काम. १९०४ आणि १९०७ च्या अंतरिम अहवालांतच कल स्पष्ट झाला: गाईचा जंतू माणसात सापडतो, विशेषतः लहान मुलांत, आणि तो मुख्यतः दुधातून येतो. अमेरिकेत रॅव्हनेल यांना १९०२ मध्ये मेंदूज्वराने मेलेल्या मुलात गाईचा जंतू मिळाला. खुद्द जर्मनीच्या आरोग्य खात्याच्या तपासणीतही काही मुलांत तो निघाला.

कॉख यांना १९०५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मान कमी झाला नव्हता, हट्टही नाही. १९०८ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत पुन्हा हाच वाद निघाला. मुलांच्या मानेच्या गाठींत गाईचा जंतू सापडतो हे त्यांनी मानले, पण मोठ्या माणसाच्या फुप्फुसाचा क्षय गाईच्या जंतूने झाल्याचे कोणी पक्के दाखवलेले नाही, यावर ते अडून बसले. तेवढ्या वेळेपुरते ते खरेही होते. पुढे ब्रिटनमध्ये ग्रिफिथ यांनी मोठ्या माणसांच्या थुंकीतूनही गाईचा जंतू काढून दाखवला. गोठ्यात खोकणाऱ्या गाईजवळ रोज तासन् तास राबणाऱ्याला तो श्वासातूनही मिळू शकतो. आणि पाच वर्षांखालील मुलांच्या गंडमाळांत तर तिकडे बहुसंख्य वेळा गाईचाच जंतू निघाला.

हे सगळे पाहायला कॉख नव्हते. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे हृदयविकाराने ते वारले. शाही आयोगाचा अंतिम अहवाल आला १९११ साली.

अहवाल आला म्हणून गोठे सुधारले असे मात्र झाले नाही. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकातही दुभत्या गाईंपैकी सुमारे ४० टक्के गाई क्षयबाधित होत्या आणि या जंतूने वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसे, त्यांत पुष्कळ मुले, दगावत असा तेव्हाचा अंदाज होता. संपूर्ण ब्रिटनमधील गोठे तपासून प्रमाणित व्हायला १९६० साल उजाडले. याला महायुद्धे होती, खर्च होता, दूधधंद्याचा विरोध होता. सगळा दोष कॉख यांच्या माथी मारणे बरोबर नाही, पण सुरुवातीची वर्षे त्या एका भाषणाने गेली हे खरे.

डेन्मार्कने भाषणाची वाट पाहिली नाही. तिथे सहकारी दूध संस्था होत्या, आपल्यासारख्याच. गावातल्या सगळ्यांचे दूध एकत्र होई, लोणी काढले जाई आणि उरलेले सेपरेटचे दूध सभासद वासरांसाठी घरी परत नेत. म्हणजे एकाची क्षयी गाय आणि रोग साऱ्या गावाच्या वासरांना! म्हणून १८९८ च्या कायद्याने हे परत द्यायचे दूध आधी ८५ अंशांपर्यंत तापवणे सक्तीचे केले. बँग यांची गोठ्यातली पद्धतही सोपी होती. तपासणीत बाधित निघालेली गाय लगेच कापायची नाही. तिला वेगळ्या गोठ्यात बांधायचे, माणूस वेगळा, भांडी वेगळी. तिचे वासरू जन्मताच बाजूला घेऊन त्याला तापवलेले दूध पाजायचे. अशा बाधित गाईंपासूनही निरोगी कालवडी तयार होत गेल्या आणि १९५२ पर्यंत डेन्मार्कमधून हा रोग गेला.

अमेरिकेने १९१७ पासून सरळ तपासा, कापा आणि भरपाई द्या असा मार्ग धरला. तेव्हा तिकडे सुमारे ५ टक्के गुरे बाधित होती. १९४० पर्यंत एकूण एक जिल्ह्यात हे प्रमाण अर्ध्या टक्क्याखाली आले. पण हे सुखासुखी झाले असे समजू नका. १९३१ साली आयोवा राज्यातील सीडर परगण्यात शेतकऱ्यांनी तपासणीला आलेल्या पशुवैद्यकांना हाकलून लावले. टोचल्याने गाभण गाई गाभडतात अशी बोलवा होती, आणि मंदीच्या दिवसांत मिळणारी भरपाई पुरेशी वाटत नव्हती. शेवटी राज्यपालांना सैनिक पाठवावे लागले आणि बंदुकीच्या पहाऱ्यात गाई तपासल्या गेल्या. गाई गाभडतात हे खोटे होते. भरपाईची तक्रार मात्र पोटाला चिमटा बसलेल्या माणसाची होती, ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

एक गोष्ट सांगायची राहिली. तुमच्या मुलाच्या दंडावर जी बीसीजीची खूण आहे, ती लस याच गाईच्या जंतूपासून झाली. नोकार यांनी क्षयी गाईकडून मिळवलेला जंतू काल्मेट आणि गेरँ या दोघांनी फ्रान्समध्ये १९०८ पासून तेरा वर्षे, २३० वेळा, पित्त घातलेल्या बटाट्यावर वाढवत वाढवत नरम केला आणि १९२१ साली पहिल्या बाळाला दिला.

आपल्याकडे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे १ लाख ४० हजार लोकांना जनावरांकडून क्षय झाला. माणसाच्या एकूण क्षयाच्या मानाने हा आकडा लहान, साधारण शंभरात एक-दीड. भारतातील गुरांबद्दलच्या अनेक पाहण्या एकत्र करून २०१८ मध्ये काढलेला अंदाज ७.३ टक्के गुरे बाधित असा होता. संकरित गाई आणि दाटीने बांधलेले मोठे गोठे यांत धोका जास्त. गोठित रेतनासाठी ठेवलेल्या वळूंची क्षयासाठी नियमित तपासणी होते, पण गावच्या गोठ्यांसाठी देशव्यापी सक्तीची मोहीम नाही. अमेरिकेचा कापण्याचा मार्ग आपल्याला मोकळाही नाही. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने आणि बैल-वळूंच्या कत्तलीला २०१५ पासून बंदी आहे. उरतो तो बँग यांचा वेगळ्या गोठ्याचा मार्ग. त्याला जागा लागते आणि दुसरा माणूस लागतो, आणि दोन-चार गाई असणाऱ्याने तो कुठून आणायचा, हा प्रश्न दूध संस्था आणि पंचायतीनेच मिळून सोडवण्यासारखा आहे.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत आणखी एक नवी गोष्ट निघाली. रोग्यांच्या नमुन्यांत युरोपातल्या गाईंचा तो प्रसिद्ध बोव्हिस जंतू सापडला नाही; त्याच्याच कुळातला ओरिजिस नावाचा जंतू सापडला, जो आपल्याकडच्या जनावरांत आढळतो. म्हणजे इथे गाईचा क्षय माणसात शोधायचा तर नुसता बोव्हिस शोधून भागणार नाही. कॉख यांनी जंतूंच्या फरकावरून जो वाद उभा केला, त्याचे एक टोक आज आपल्या देशात उघडे पडले आहे.

जंतू कोणताही असो, दूध उकळले की तो मरतो. दूध संघात ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून तेच साधतात. आपल्या घराघरांत दूध तापवायची रीत आहे, ती आजवर ढालीसारखी उपयोगी पडली. भोक पडते ते धारोष्ण दुधाच्या कौतुकात. तालमीतल्या पोरांना आणि बाळंतिणीच्या पहिलवान बाळाला कासेखालचे दूध थेट पाजण्यात मोठे पुण्य मानणारी घरे अजून आहेत. दूध संस्थेने धार काढून झाल्यावर वाड्यावर वाटले जाणारे कच्चे दूध लहान मुलांपर्यंत जाते का, एवढे एकदा पाहावे.

गोठ्यात एखादी गाय खाऊनही अंग धरत नसेल, बारीक कोरडा खोकला महिनोन् महिने टिकत असेल, किंवा कासेचा एक भाग दुखण्याशिवाय हळूहळू कडक होत असेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात ट्युबरक्युलिन तपासणीची मागणी करा. आणि घरात कोणाला क्षयाचे निदान झाले, विशेषतः मानेच्या गाठीचे, तर आपल्याकडे जनावरे आहेत, त्यात अमुक आजारी आहे, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. थुंकीच्या नेहमीच्या तपासणीत जंतू माणसाचा की गाईचा हे कळत नाही, आणि क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांपैकी पायरॅझिनामाइड ही गोळी बोव्हिस जंतूला लागू पडत नाही. घरातला माणूस क्षयाने खोकत असेल, तर औषध सुरू होऊन डॉक्टर सांगेपर्यंत त्याला गोठ्यातल्या कामापासूनही लांब ठेवा. भारतात गुरांमध्ये माणसाचा जंतूही सापडलेला आहे.